होडीवर एलईडी पट्टी लावताय? आधी आयपी नंबर बघा, मग जोड बघा



३१ जुलैला बंदी संपते. होड्या वर ओढलेल्या आहेत, रंगकाम चालू आहे, जाळी शिवून होत आली. याच दिवसांत बरेच जण केबिनला आणि डेकला एलईडीची पट्टी लावून घेतात. गेल्या आठवड्यात ऑफिसात तीन-चार जणांनी एकच गोष्ट विचारली, "वॉटरप्रूफ पट्टी कुठली घेऊ?" म्हणून सगळ्यांसाठी इथे लिहितो.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांमागे आमच्या घरच्या होडीवर मी स्वतः पट्टी लावली. दुकानदाराने वॉटरप्रूफ म्हणून दिली, आयपी ६५. महिनाभर झक्क चालली. चतुर्थीनंतर एका रात्री जाळं ओढताना मागच्या बाजूची पट्टी एकदम विझली. काळोखात एका खलाशाचा पाय दोरीत अडकला. तांडेल जागरूक होता, इंजिन लगेच न्यूट्रलला टाकलं, म्हणून निभावलं. सकाळी पट्टी काढून बघितली तर मी जिथे कापली होती त्या टोकातून पाणी आत शिरून तांबं हिरवं पडलं होतं.

नंबर कसा वाचायचा?

आयपीच्या पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ते एकत्र पासष्ट, सदुसष्ट असे न वाचता सहा-पाच, सहा-सात असे वाचा. पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. आपल्याला महत्त्वाचा दुसरा आकडा:

• आयपी २० : पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. ही घरातल्या शोकेसची पट्टी. होडीवर नको.

• आयपी ६५ : सगळ्या बाजूंनी साध्या पाईपचं पाणी मारलं तरी चालते. बहुतेक वेळा वरून फक्त सिलिकॉनचा थर असतो.

• आयपी ६६ : जोरदार पाण्याचा मारा सोसते.

• आयपी ६७ : १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. ही सहसा सिलिकॉनच्या नळीत असते.

• आयपी ६८ : १ मीटरपेक्षा खोल, जास्त वेळ बुडाली तरी चालते. किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते, म्हणून पाकिटावर वाचा.

इथे एक गोम आहे. ६७ म्हणजे ६६ आपोआप आलं असं नाही. बुडवण्याची परीक्षा वेगळी, जोराच्या माऱ्याची वेगळी. आपण डेक पंपाच्या पाईपने धुतो. तिथे दोन्ही नंबर लिहिलेली, म्हणजे आयपी ६६/६७, पट्टी मिळाली तर उत्तम.

कुठे कुठली?

केबिनच्या आत, छताला : ६५ पुरे.
डेकवर, केबिनच्या बाहेर छपराखाली : ६७, शक्यतो ६६/६७.
मासळीच्या खणात, काठाच्या खाली, जिथे लाट रोज बसते : ६८.
पेट्रोलच्या टाकीजवळ : कुठलीच नको. आयपी नंबर पाणी अडवतो, ठिणगी अडवत नाही.

केबिनमध्ये ६८ लावून पैसे घालवू नका. जाड आवरणात पट्टीची उष्णता अडकते. त्याच कारणाने पट्टी रिळावर गुंडाळलेली असताना जास्त वेळ पेटवून ठेवू नका.

नंबर काय सांगत नाही?

ही परीक्षा गोड्या पाण्यात होते. खारं पाणी, ऊन आणि इंजिनाची थरथर यांचा त्यात हिशेब नाही. म्हणून आवरण सिलिकॉनचं किंवा पीयूचं बघा. कडक इपॉक्सीचं आवरण उन्हात पिवळं पडतं आणि चिरतं. मागच्या चिकटपट्टीवरही विसंबू नका, क्लिप आणि स्टीलचे स्क्रू लावा.

खरी मेख जोडात

पट्टी कापली की त्या टोकाला नंबर संपला. दाबून बसवायचे प्लास्टिकचे कनेक्टर होडीवर टिकत नाहीत. वायर सोल्डर करा, आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवा, टोकाला टोपी बसवून सिलिकॉन भरा. सिलिकॉन घेताना न्यूट्रल क्युअर मागा. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन तांबं खातं. वायर कथिलाचा मुलामा दिलेली, म्हणजे टिन्ड कॉपर, घ्या.

लावण्याआधी जोड बादलीभर समुद्राच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बॅटरी न जोडता. पुसून बघा. आत वाफ किंवा थेंब दिसला तर जोड परत करा. हे काम धक्क्यावर दहा मिनिटांचं आहे, दर्यात होत नाही.

बॅटरीचा हिशेब

मीटरला १४.४ वॅटची ५ मीटर पट्टी म्हणजे ७२ वॅट. १२ व्होल्टवर ६ अँपिअर. इंजिन बंद ठेवून आठ तास पेटवली तर ४८ अँपिअर-तास गेले, म्हणजे १०० ची बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी. सकाळी सेल्फ लागला नाही तर दोष बॅटरीला देऊ नका. एवढ्या पट्टीला बॅटरीच्या प्लस टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज घाला, आणि वायर त्याहून जास्त करंट सोसणारी घ्या. फ्यूजशिवाय शॉर्ट झाला तर वायर तापते, आणि फायबरची होडी पेट घ्यायला वेळ लागत नाही.

दोन गोष्टी विसरू नका

एक, ही पट्टी काम करायला उजेड म्हणून आहे. एलईडी लावून मासळी गोळा करण्यावर केंद्र सरकारची २०१७ पासून बंदी आहे. त्यासाठी कोणी पट्टी विचारायला येऊ नये.

दोन, बाहेरच्या बाजूला लाल-हिरव्या रंगीत पट्ट्या लावू नका. रात्री समोरचा तांडेल डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा दिवा बघून तुमची दिशा ओळखतो. शोभेच्या दिव्याने तो फसला तर टक्कर ठरलेली.

ज्यांनी पट्टी आधीच लावली आहे त्यांनी निदान कापलेली टोकं तपासा. हिरवा गंज दिसला तर १ ऑगस्टच्या आत बदला. शंका असेल तर पट्टीचं पाकीट घेऊन ऑफिसात या, एकत्र बसून वाचू.

सुखरूप जा, सुखरूप या.

आपला,
सचिव