विश्लेषण : जुन्या ‘पद्मिनी’ला चुकीचा फॅन बेल्ट बसवला तर काय होते? योग्य बेल्ट कसा ओळखायचा?

मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीची २० वर्षांची वयोमर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळालेल्या सुरुवातीच्या गाड्यांनी तर आता पन्नाशी ओलांडली आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी मालिका आणल्यापासून ‘आजोबांची फियाट’ पुन्हा उभी करण्याला आणखी एक निमित्त मिळाले आहे.

अशा गाडीवर पत्राकाम, रंग, क्रोम, सीट कव्हर यासाठी हात सैल सोडून खर्च होतो. काहीशे रुपयांचा फॅन बेल्ट मात्र ‘बसतोय ना, मग झालं’ म्हणून चढवला जातो. मग पहिल्याच लांबच्या फेरीत, बहुतेक वेळा घाटात, तापमानाचा काटा वर चढू लागतो.

एका पट्ट्यावर किती कामे?

पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन साधे आहे. समोर क्रँक पुली, वर वॉटर पंप आणि त्याच्याच शाफ्टवर पंखा, बाजूला डायनॅमो. या सगळ्यांना फिरवणारा व्ही-बेल्ट एकच. म्हणजे तो घसरू लागला की पाणी फिरणे, रेडिएटरला हवा मिळणे आणि बॅटरी चार्ज होणे या तिन्ही गोष्टी एकदमच मंदावतात. पट्टा तुटला तर चार्जिंगचा लाल दिवा लगेच लागतो, तापमानाचा काटा नंतर चढतो. ‘बॅटरीचं काहीतरी असेल, घरी जाऊन बघू’ म्हणत गाडी पुढे रेटली, तर हेड गॅस्केट जाण्याची किंवा हेड वाकण्याची वेळ येऊ शकते. चालत्या गाडीत लाल दिवा लागला की आधी बाजूला घ्यावी, बॉनेट उघडावे आणि पट्टा जागेवर आहे का ते पाहावे.

हा पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट नव्हे. पद्मिनीत कॅमशाफ्ट फिरवायला साखळी असते. मारुती ८०० मध्ये दातेरी टायमिंग बेल्ट असतो. त्याचे काम वेगळे, बदलण्याची पद्धतही वेगळी.

‘थोडा बारीक आहे, चालेल’ का चालत नाही?

व्ही-बेल्ट पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. सारी पकड त्याच्या दोन तिरप्या बाजूंची असते, तळाची नसते. बरोबर रुंदीचा पट्टा खाचेत बसला की त्याची वरची कड पुलीच्या काठाशी समतल किंवा किंचित वर राहते आणि तळाशी फट उरते. अरुंद पट्टा खाली उतरून तळाला टेकतो. पाचर संपली की पकडही संपते. मग कितीही ताणला तरी तो घसरणारच, आणि ताणण्याच्या नादात वॉटर पंप व डायनॅमोची बेअरिंग जातात ती वेगळीच.

याची खूण पुलीवरच दिसते. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा तळाला टेकत होता असे समजावे. मात्र त्यात एक मेख आहे. कधी कधी पट्टा बरोबर असतो, पण अनेक दशकांच्या वापराने पुलीच्या भिंतीच आतून झिजून पोकळ झालेल्या असतात. भिंतीला सरळ पट्टी टेकवून मागून उजेड दिसतो का ते पाहावे. दिसला तर पुली बदलणे आले, नवा पट्टा घेऊन उपयोग नाही.

५० मिलिमीटरचा घोळ

सर्वाधिक फसगत लांबीत होते. पट्ट्यावर छापलेली लांबी नेमकी कुठली, हे दुकानात फारसे कोणी विचारत नाही. मोटारीच्या पट्ट्यांवर अनेकदा बाहेरील परिघ दिलेला असतो आणि आकड्यापुढे ‘एलए’ लिहिलेले असते. ‘एलआय’ म्हणजे आतील परिघ. कारखान्यांतील यंत्रांसाठीच्या ‘ए’ सेक्शन पट्ट्यावर ‘ए ३६’ असे लिहिले असेल, तर तो ३६ इंच आकडाही आतील लांबीचा असतो.

हा फरक किती? ‘ए’ सेक्शनचा पट्टा वर १३ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड असतो. गोलाकार पट्ट्याच्या बाहेरील आणि आतील परिघात २ × ३.१४ × ८, म्हणजे सुमारे ५० मिमीचा फरक पडतो. तो भरून काढायला डायनॅमो किमान २५ मिमी सरकवावा लागेल. ब्रॅकेटच्या खाचेत तेवढी जागा मिळेलच असे नाही. परिणामी पट्टा एक तर चढत नाही, किंवा डायनॅमो पार बाहेर ओढूनही ढिला राहतो.

मग माप घ्यायचे कशाचे? जुन्या पट्ट्याचे नको. तो ताणलेला आणि बाजूंनी झिजलेला असतो. शिवाय आधीच्या मालकाने मूळचाच बसवला होता याची खात्री कोण देणार? गाडीच्या मॅन्युअलमधले माप सर्वांत चांगले. ते नसेल तर डायनॅमो ब्रॅकेटच्या खाचेत आतल्या बाजूला, साधारण एक तृतीयांशावर ठेवावा आणि तिन्ही पुलींवरून, काठाच्या पातळीवर, न ताणणारी वायर फिरवून मोजावी. हे माप बाहेरील लांबीच्या जवळचे असते. अशा मापाचा पट्टा सहज चढतो आणि पुढे ताणायला जागाही उरते.

डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलेल्या गाडीत मॅन्युअलचा आकडा निरुपयोगी ठरतो. पुली वेगळी, ब्रॅकेट वेगळे, त्यामुळे लांबीही वेगळी. तिथे वायरच कामाला येते.

‘ओरिजनल’चा मोह

मुंबईत ऑपेरा हाउस किंवा पुण्यात नाना पेठेत एखाद्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात तेव्हाच्या पाकिटातला न वापरलेला पट्टा मिळाला, की गाडीवेड्यांना घबाड हाती लागल्यासारखे वाटते. नंबर बरोबर असतो, रबर मात्र म्हातारे झालेले असते. पट्टा उलटा वाकवून पाहावा. बारीक भेगा दिसल्या, तर तो शोकेसमध्ये ठेवावा.

जुन्या पद्धतीचा पट्टा कापडाने गुंडाळलेला, आतून सपाट असतो. आजचा अनेकदा आतून खाचा पाडलेला असतो, लहान पुलीवर सहज वाकतो आणि कमी तापतो. प्रदर्शनात तो डोळ्यांत भरतो हे खरे. पण रुंदी आणि लांबी जुळत असेल, तर रोज रस्त्यावर निघणाऱ्या गाडीत तोच बसवावा. मूळ रूपाचा हट्ट असेल, तर सपाट पट्टाही नव्या उत्पादनातलाच घ्यावा.

बसवताना

स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून पट्टा पुलीवर चढवण्याची सवय गॅरेजमध्ये सर्रास दिसते. त्यात आतले धागे तुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. डायनॅमोचे सगळे बोल्ट ढिले करावेत, तो पूर्ण आत ढकलावा, मग पट्टा हातानेच चढतो. तिन्ही पुली एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी लावून तपासावे. नंतर डायनॅमो बाहेर ओढून बोल्ट आवळावेत. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोर दिल्यावर पट्टा साधारण १० ते १५ मिमी दबावा. इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून, बंद करून, थंड झाल्यावर पुन्हा तपासावे. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतोच. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर आणखी एकदा पाहिले की मग बराच काळ हात लावावा लागत नाही.

त्याच मापाचा दुसरा पट्टा आणि डायनॅमोच्या बोल्टला लागणारा पाना डिकीत ठेवावा. पट्टा घडी घालून दाबू नये, सैल वेटोळे करून पेट्रोल-ऑइलपासून दूर ठेवावा.