दाबयंत्र, यांत्रिक

प्रचक्रात साठविलेली गतिज ऊर्जा क्षणार्धात खर्च करून धातूचा पत्रा कापणारे वा त्याला आकार देणारे यंत्र. मोटारगाड्यांचे दरवाजे, भांडी, नाणी इ. एकसारख्या वस्तू मोठ्या संख्येने बनविण्यासाठी ते वापरतात. महाराष्ट्रात मुंबईची टांकसाळ (स्थापना १८२९) हे दाबयंत्राच्या उपयोगाचे परिचित उदाहरण होय.

रचना व कार्य : विद्युत् चलित्र पट्ट्याच्या साहाय्याने जड प्रचक्र सतत फिरते ठेवते. क्लच जोडला की ही गती भुजादंडाला मिळते व संयोगदांड्यामुळे तिचे रॅमच्या वरखाली गतीत रूपांतर होते. रॅमला पंच आणि खालच्या बैठकीवर मुद्रा (कारखान्यातील भाषेत डाय) बसविलेली असते. या दोहोंमध्ये पत्रा कापला वा वाकविला जातो. प्रत्यक्ष काम फेऱ्याच्या अल्प भागातच होते. त्या वेळी प्रचक्राचा वेग किंचित घटतो आणि उरलेल्या फेऱ्यात चलित्र तो भरून काढते. त्यामुळे लहान चलित्रावरही मोठे काम निघते. उदा., २ मिमी. जाडीच्या पोलादी पत्र्यातून ५० मिमी. व्यासाची चकती कापताना पत्र्याचा कर्तनरोध दर चौ. मिमी.ला ३५० न्यूटन धरल्यास परिघ, जाडी व रोध यांच्या गुणाकाराने सु. १,१०,००० न्यूटन, म्हणजे सु. ११ टन वजनाइतके बल लागते. पण ते क्षणभरच.

क्षमता : रॅम तळाशी येताना भुजा व संयोगदांडा जवळजवळ एका रेषेत येतात आणि मिळू शकणारे बल झपाट्याने वाढते. म्हणून यंत्राची टनांतील क्षमता तळापासून ठराविक उंचीवरच खरी असते. खोल भांडे ओढताना दाब बराच वर सुरू होत असल्याने तेवढे बल मिळत नाही. उलट चुकून दोन पत्रे एकदम सापडल्यास तळाशी बल मर्यादेबाहेर जाऊन सांगाडा तडकू शकतो. नाण्यावर छाप उमटविण्यास अंतर थोडे पण दाब प्रचंड लागतो. तेथे गुडघ्याप्रमाणे सरळ होणारा सांधा सोयीचा ठरतो.

सुरक्षितता : खिट्टीच्या क्लचमध्ये एकदा सुरू झालेला फेरा मध्येच थांबविता येत नाही, पंचाखाली राहिलेली बोटे वाचत नाहीत. घर्षण क्लच व गतिरोधक असल्यास रॅम वाटेतच थांबविता येतो. जाळीचे कुंपण व दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची बटणे हे त्याला पूरक उपाय होत. यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केले. वीज तोडल्यावरही प्रचक्र काही काळ फिरत राहते. म्हणून मुद्रा बदलताना ते पूर्ण थांबल्याची खात्री करून रॅमखाली आधाराचा ठोकळा ठेवावा लागतो.