२,५६९ पैकी एक

१ जून २०१८, शुक्रवार. अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर भारताचा चायनीज तैपेईशी सामना होता. आपण ५-० ने जिंकलो, सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले. बघायला माणसं किती होती? २,५६९. हा आकडा पेपरात छापून आला तेव्हा मी तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अजून आहे. त्या २,५६९ जणांत मी होतो.

त्या रात्री करी रोडला उतरून घरी चालत येताना मला सारखा मामा आठवत होता. कूपरेजच्या मैदानावर जागा मिळावी म्हणून तो मला सामन्याच्या दोन तास आधी नेऊन बसवायचा.

मामा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे. जिथे पैलवान घुमतात त्याच तालमींचे फुटबॉल संघ: पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ आपापल्या तालमीच्या मागे उभी राहते. तिथून मामा १९७० च्या आसपास लालबागला आमच्या खोलीत राहायला आला आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. येताना एक वळकटी, एक ट्रंक आणि एक फुटबॉल घेऊन आला. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं. आईने वळकटीला जागा केली, ट्रंक खाटेखाली सारली आणि बॉल माळ्यावर ठेवला, पितळी पातेल्यांच्या शेजारी.

तो बॉल मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. तपकिरी चामड्याचे पट्टे हाताने शिवलेले आणि एका बाजूला बोटभर लांबीची चीर. चिरेतून आत रबरी ब्लॅडर सारायचा, त्याचं नळीसारखं तोंड बाहेर ठेवायचं. सायकलच्या पंपाने हवा भरायची. बॉल टणक झाला की तोंड दुमडून सुतळीने करकचून आवळायचं आणि अंगठ्याने दाबत दाबत आत ढकलायचं. मग बुटाला बांधतात तशी चामड्याची लेस त्या चिरेवरून ओवत न्यायची. गाठ आत लपली पाहिजे, वर आली तर हेडिंग करणाऱ्याचं कपाळ फुटायचं. मामाच्या उजव्या भुवईवर तसा व्रण होता. पावसाळ्याआधी तो चामड्याला खोबरेल चोळायचा, तरी दोन-चार पावसांत ते पाणी प्यायचंच. भिजलेला बॉल पायाला दगडासारखा लागायचा. आजच्या नियमात बॉल ४१० ते ४५० ग्रॅम लागतो, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. आताचा बॉल पाणी पीत नाही, त्यामुळे वजन शेवटपर्यंत तेवढंच राहतं. आमचा अर्ध्या तासात किती जड व्हायचा हे आमच्या घोट्यांना ठाऊक.

हा बॉल फक्त रविवारी खाली यायचा. एरवी आम्ही पोरं गिरणीतून आणलेल्या सुताच्या चिंध्या जुन्या मोज्यात कोंबून तो मोजा गल्लीत लाथाडायचो. गणेश गल्लीच्या मैदानात मंडप पडला की तिथला खेळ बंद. मग नरे पार्क, नाहीतर कामगार मैदान. तिथे क्रिकेटच्या पाच-सहा टीम आधीच असायच्या, त्यांच्या पिचच्या मधल्या फटीत आमचे गोल. चपलांचे दोन जोड ठेवले की झाला गोल.

कूपरेजला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. व्हीटीला उतरायचं, हुतात्मा चौकावरून ओव्हल ओलांडायचं, की आलंच. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा कारागीर. इंग्रज अमदानीत ही पिंपं त्या भागात बनत, म्हणून जागेला कूपरेज नाव पडलं. इथेच रोव्हर्स कप खेळला जायचा. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा देशातल्या सगळ्यांत जुन्या स्पर्धांपैकी एक. सुरुवातीची बरीच वर्षं ती गोऱ्या पलटणींनीच जिंकली. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने ती जिंकली आणि कप पहिल्यांदा हिंदी संघाकडे आला. मग १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो कुणाला मिळू दिला नाही. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. अजय देवगणचा ‘मैदान’ पाहिला असेल तर ते तुम्हाला माहीत आहेत.

त्या दिवशी मी ईस्ट बंगालचा लाल-सोनेरी शर्ट डोळ्यांनी पाहिला. पण सामन्याहून माझ्या मनात जास्त राहिली ती गर्दी. एका बाजूला बंगाली मंडळी. दुसरीकडे धोबीतलावच्या गोवेकर कुडांतून आलेले खलाशी. कूड म्हणजे एका गावच्या लोकांचं मुंबईतलं सामायिक बिऱ्हाड, बोटीवरून उतरलेला माणूस पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राहायचा. डेम्पो किंवा साळगावकर खेळायला आले की या कुडांत माणूस उरत नसे. खोताच्या वाडीतले ख्रिस्ती, भेंडीबाजारातले मुसलमान, रेल्वेचे बाबू आणि आमच्यासारखे गिरणगावातले, सगळे एका फळीवर मांडीला मांडी लावून. मला तोवर लालबाग-परळ म्हणजेच मुंबई वाटायची. सगळी मुंबई एका ठिकाणी मी पहिल्यांदा पाहिली ती कूपरेजवर.

मामाने तिथेच मला सामना बघायला शिकवलं. “बॉल काय, सगळेच बघतात,” तो म्हणाला, “बॉल ज्याच्याकडे नाही त्याला बघ.” नव्वद मिनिटांच्या खेळात एकेका खेळाडूच्या पायात बॉल असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ तो जागा शोधत असतो, नाहीतर दुसऱ्याची जागा अडवत असतो. सेंटर फॉरवर्ड उगाचच डावीकडे धावताना दिसतो. बॉल त्याला मिळणार नाही हे त्यालाही माहीत असतं. पण त्याच्या मागे बचावातला एक गडी ओढला जातो, मधे फट पडते आणि तिसराच कुणीतरी त्या फटीतून आत शिरतो. दुसऱ्या दिवशी पेपरात गोल त्या तिसऱ्याच्या नावावर. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे जातो, त्यामुळे डावीकडची ती धाव घरी बसून क्वचितच दिसते. ती दिसायला मैदानावर, जरा उंचावर, बसावं लागतं. ज्यांना फुटबॉलमध्ये काही घडतच नाही असं वाटतं, त्यांना मी एवढंच सांगतो की एकदा माझ्याबरोबर चला आणि दहा मिनिटं बॉल बघू नका.

याच कूपरेजवर नेव्हिल डिसूझा खेळला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, आपण ४-२ ने जिंकलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या वर्षी चौथा आला. मुंबईचा हा माणूस. इथल्या शाळेतल्या किती मुलांना त्याचं नाव माहीत आहे, हे मला विचारवत नाही.

तेव्हाचं फुटबॉल नोकरीवर उभं होतं हे समजून घेतलं पाहिजे. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, महिंद्रा, आरसीएफ, सगळ्यांचे संघ. चांगला खेळणाऱ्या पोराला कंपनी कामावर घ्यायची. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस सराव, आणि गुडघा गेला तरी पगार चालू. मुंबईची हारवूड लीग भर पावसात चालायची, चिखलात बावीस माणसं एकाच रंगाची व्हायची. चाळीतल्या आयांना हा खेळ पटायचा तो त्या नोकरीमुळे. पोरगा लाथा मारून पर्मनंट होतो म्हटल्यावर कोण अडवेल?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. बाबा साचेखात्यात होते, ते घरी बसले. मामाने वर्षभर वाट पाहिली आणि वळकटी बांधली. बॉल तो घेऊन गेला नाही. आईने विचारलं तर म्हणाला, “ताई, राहू दे त्याला.” आईने माळ्यावर तो एका पिशवीत घालून ठेवला. पुढे ब्लॅडर वाळून तडकला, चामडं आत बसलं. मी तो टाकला नाही.

मी १९८३ साली पोस्टात लागलो. व्हीटीशेजारच्या जीपीओत टपालाच्या वर्गवारीवर. सकाळची ड्यूटी सुटली की डबा पिशवीत टाकून थेट कूपरेज. सहकारी म्हणायचे, वानखेडेच्या इतक्या जवळ काम करतोस आणि जातोस कुठे! मला क्रिकेटचा राग कधीच नव्हता. शिवाजी पार्कच्या पोरांनी या शहराला जे दिलं त्याचा मलाही अभिमान आहे. पण माणसाचं मन एका ठिकाणी बसतं, तसं माझं बसलं.

२२ जून १९८६ च्या रात्री, मेक्सिकोतला अर्जेंटिना-इंग्लंड सामना. आपल्याकडे साडेअकराला सुरू झाला. चाळीत पहिल्या मजल्यावरच्या एका घरात टीव्ही होता. खोलीत, दारात, गॅलरीत माणसं, बाहेर धो धो पाऊस. साडेबारा उलटल्यावर मॅराडोनाने हाताने गोल केला आणि चार मिनिटांनी दुसरा, स्वतःच्या अर्ध्या मैदानातून निघून एकेका इंग्रजाला मागे टाकत. तो माझ्याहून वर्षाने मोठा, म्हणजे पंचवीस. दुसरा गोल झाला तेव्हा ज्या बायकांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता त्याही उभ्या राहिल्या. त्या रात्रीनंतर चाळीतली पोरं माझ्याबरोबर कूपरेजला येऊ लागली. चार-पाच महिने आली. मग परीक्षा, मग नोकऱ्या.

त्यानंतरचं पटकन सांगतो, कारण सांगताना जीव रमत नाही. रोव्हर्स कप २०००-०१ मध्ये शेवटचा झाला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंद झाला. मुंबई एफसी २००७ ला आली, दहा वर्षांत संपली. कंपन्यांच्या नोकऱ्या आटल्या तसे संघ आटले.

आणि तेवढ्याच वेळात लालबागच्या पोरांच्या अंगावर बार्सिलोना आणि मँचेस्टरचे शर्ट आले. रात्री दीड वाजता उठून ती तिकडचे सामने बघतात. मला त्यांचं कौतुकच आहे, खेळाची जाण त्यांना आमच्याहून जास्त आहे. फक्त ती जाण घेऊन ती घरातच बसून राहतात, हे मला लागतं.

माझा पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला राहतो, त्याची मुलगी शाळेच्या संघात खेळते. तिकडे याला सॉकर म्हणतात. तो शब्द इंग्लंडमधल्याच विद्यार्थ्यांनी ‘असोसिएशन’ शब्द तोडून बनवला होता. तिथेही हा खेळ बेसबॉल-बास्केटबॉलच्या मागे रांगेत उभा होता, जसा आपल्याकडे क्रिकेटच्या मागे. पण १९९४ चा विश्वचषक मिळवताना त्यांनी कबूल केलं की आम्ही स्वतःची लीग काढू, आणि १९९६ ला काढली. ९४ च्या त्या ५२ सामन्यांना ३५ लाखांहून अधिक लोक मैदानावर आले होते. २०२६ चा अंतिम सामना न्यू जर्सीतच होणार असं ठरलं तेव्हा पुतण्याचा फोन आला. “काका, या ना इकडे.” मी विचारलं, “तुझ्या मुलीचे सामने बघायला किती लोक येतात?” म्हणाला, “सगळ्यांचे आईबाप. घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन येतात, थंडीतसुद्धा.” ते ऐकून मला विश्वचषकापेक्षा जास्त बरं वाटलं.

तर त्या २,५६९ च्या दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. भारताचा कर्णधार हात जोडून म्हणत होता की युरोपचे क्लब बघता, आम्ही त्या दर्जाचे नाही हे मान्य, पण मैदानावर या. टीका करा, शिव्या द्या, पण तिथे येऊन द्या. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. ४ जूनला केनियाशी सामना, त्याचा देशासाठी शंभरावा. तिकिटं संपली. पाऊस कोसळत होता आणि लोक जागचे हलत नव्हते. आपण ३-० ने जिंकलो, त्यातले दोन त्याचे. माझ्या शेजारी एक कॉलेजचा मुलगा मँचेस्टरच्या शर्टात बसला होता. उत्तरार्धात त्याने मला विचारलं, “काका, तुम्ही बॉलकडे बघतच नाही, बघताय कुठे?” मी त्याला डावीकडची धाव दाखवली.

गेल्या पावसाळ्यात, रविवारी सकाळी, परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर गेलो होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा सामना. एक गोली स्वतःहून मोठे हातमोजे घालून चिखलात उभा, दोन्ही संघांचे शर्ट एव्हाना एकाच रंगाचे. कठड्यावर एक बाई छत्री घेऊन बसल्या होत्या. मांडीवर डबा, डब्यावर टॉवेल.

“तुमचा कोणता?” त्यांनी विचारलं.

“माझा कुणी नाही. बघायला आलोय.”

त्यांनी जरा माझ्याकडे पाहिलं, मग सरकून जागा केली आणि छत्री अर्धी माझ्या डोक्यावर धरली.

“माझा अकरा नंबर,” त्या म्हणाल्या. “त्याला कधीच बॉल मिळत नाही हो.”

मी अकरा नंबर शोधला. डावीकडे, रेषेला लागून, तो धावत होता.