लातूर ते नांदेड, नऊ मिनिटांत?

लातूरहून नांदेडला निघालं की चाकूर, अहमदपूर, लोहा ही गावं ठरलेली. गाडीने साधारण एकशे चाळीस किलोमीटर, म्हणजे अडीच तास. एसटीला त्याहून जास्त. रेल्वेचा मार्ग तर परळी, परभणी, पूर्णा असा वळसा घेत दोनशेच्या पुढे जातो. मग सरळ आकाशातूनच गेलो तर?

अंतर काढायला वही-पेन्सिल पुरते. लातूरचा विमानतळ अंदाजे १८.४१ अंश उत्तर, ७६.४६ पूर्व, नांदेडचा १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर जवळपास तेवढाच असतो, पण उत्तरेकडे आखडत जातो. आपल्या भागात तो १०५ च्या आसपास भरतो. म्हणजे ८५ किलोमीटर उत्तरेला, ९० पूर्वेला. पायथागोरस लावा : सुमारे १२४ किलोमीटर.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा पायथागोरस चालतो कसा? एवढ्या अंतरात चालतो. लातूरहून नांदेडपर्यंत नाकासमोर सरळ बोगदा खणला, तर तो मध्यावर जमिनीखाली जेमतेम तीनशे मीटर असेल आणि वरच्या वाटेपेक्षा फक्त दोनेक मीटरने आखूड भरेल. पृथ्वीची गोलाई विमानमार्गाला खरी जाणवते ती मुंबई-न्यूयॉर्कसारख्या प्रवासात.

आता ताशी ८०० किलोमीटर हा जेटचा वेग धरून भागाकार केला की नऊ मिनिटं येतात. इथेच फसगत होते. अशा छोट्या मार्गांवर उडतं ते पंख्यांचं एटीआर-७२. त्याचा कमाल वेग ताशी पाचशेच्या घरात, आणि तोही वर पोचल्यावर. लातूरहून उडून दहा हजार फुटांवर जायला सहा-सात मिनिटं लागतात. तेवढ्यात पस्तीसेक किलोमीटर मागे पडतात. उतरताना वैमानिकांचा ठोकताळा असा, की दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल हाताशी हवेत. नांदेडची धावपट्टी गाठायला त्या हिशेबाने जवळपास पन्नास किलोमीटर आधीच नाक खाली करावं लागतं. सरळ उडायला उरले चाळीसेक. शिवाय नांदेडची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आणि विमान येणार नैऋत्येकडून, म्हणजे वळण घेणं आलंच. धावपट्टीपर्यंत जाणं-येणं धरलं तर अर्धा तास सहज जातो. प्रवाशाने तासभर आधी पोचायचं, ते वेगळंच.

स्कॉटलंडजवळ वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये २.७ किलोमीटरची नियमित विमानसेवा आहे, वेळ दोन मिनिटांच्या आत-बाहेर. पण तिथे मध्ये समुद्र आहे; आपल्याकडे मध्ये लोहा आणि अहमदपूर आहेत.

छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ या सरकारी योजनेत २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. ते अंतर हवेतून अडीचशेच्या जवळ. योजनेच्या सुरुवातीच्या भाडेतक्त्यात हेलिकॉप्टर सोडून साध्या विमानांची पहिली पायरीच १५१ किलोमीटरची होती. लातूर-नांदेड त्या तक्त्यात बसतच नाही आणि माझ्या मते ते योग्यच आहे. या दोन शहरांमधला वेळ वाचवायचा असेल, तर मागणी विमानाची नको. लातूर रोड स्थानकाहून नांदेडला थेट जाणाऱ्या रेल्वेमार्गाची करा.