खानावळीचा हिशेब आणि बी.ए.चा अभ्यास

मार्क कमी पडले की आर्ट्स, आणि नामांकित कॉलेजच्या यादीत नाव लागलं नाही की घराजवळचं छोटं कॉलेज, अशी दुहेरी उतरंड बारावीच्या निकालानंतर घरोघरी लागते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास या विषयांपुरती तरी ती साफ चुकीची आहे. रसायनशास्त्राला सुसज्ज प्रयोगशाळा लागते. समाजशास्त्रांची प्रयोगशाळा म्हणजे वस्ती, आणि दादर-परळच्या मुलांना ती चालत गाठता येते.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळी घ्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार चाळीतल्या गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायचे एखाद्या बाईच्या घरी. पैसे पगाराला. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. पगार लांबला की झळ तिला आधी. बँकेच्या लेखी ती धंदा करणारी नव्हतीच, कारण तारण ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाची वाट करून दिली. एका ताटाच्या हिशेबात स्थलांतर, पतपुरवठा, बायकांचे न मोजलेले श्रम आणि सरकारी धोरण एकत्र येतात. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल पुस्तकात कामगार नेते दत्ता सामंत आणि गिरणीमालक भेटतील. खानावळीच्या थकलेल्या उधारीचं काय झालं, हे कळायला चाळीचे जिने चढावे लागतात.

असं काम छोट्या कॉलेजातल्यासारखी वर्गात मुलं मोजकी असली तरच नीट होतं. प्रश्नावली कच्ची आहे, ‘घरात कमावतं कोण’ या प्रश्नाला पुरुषानं दिलेलं उत्तर बाईकडून पडताळलेलं नाही, हे शिक्षकानं वहीवर लिहून दाखवावं लागतं. शंभर-सव्वाशेच्या वर्गात तेवढी उसंत कुणाला? मोठ्या संस्थेची सुरुवातही वस्तीतून होऊ शकते. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली निघाली ती नागपाड्याच्या वस्तीत चाललेल्या समाजकार्यातून.

छोट्या कॉलेजात ग्रंथालय तोकडं असतं, हा आक्षेप खरा आहे. पण मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग दादर पूर्वेला नायगावात आहे. तिथं मुलांना नेणं कॉलेजच्या हातात आहे. त्याहून गंभीर दुखणं गाइडचं. संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजीत, मराठी माध्यमाची मुलं बिचकतात, आणि वर्ग गाइडमधल्या तयार उत्तरांवर भागवतो. तसं होत असेल तर वर्ग लहान असून काही उपयोग नाही. वस्तीत जाणं वाचनाला पर्याय नाही. दादरच्या राजगृहात, आपल्या घरात, बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो पुस्तकं जमवली, आणि जातीवरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९१६चा, कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रातला. भोगलेलं वास्तव आणि जगभरचं वाचन ही दोन्ही हवीतच. नोकरीचं म्हणाल, तर नुसत्या बी.ए.वर ती सहजी मिळत नाही, हे मुलांपासून लपवू नये. कायदा, पत्रकारिता, समाजकार्य, बी.एड., स्पर्धा परीक्षा असं पुढचं पाऊल टाकावंच लागतं. तिथं माणसांना नेमकं विचारण्याची आणि ऐकलेलं पडताळण्याची सवय कामी येते.

म्हणून पालकांनो, प्रवेशाच्या वेळी कटऑफच्या आधी एवढंच विचारा: तीन वर्षांत मुलांना वस्तीत किती वेळा नेता, आणि त्यांनी लिहून आणलेलं वाचतं कोण?