मोबाईलच्या फोटोत मागचं धान ब्लर का होत नाही?

आसगावच्या धुऱ्यावर कुणाला तरी २ मीटरवर उभं करून मोबाईलने फोटो काढा. माणूस शार्प, अन् मागे चार मीटरवरची धानाची लोंबीही शार्प! चूक तुमच्या हाताची नाहीये, गणितच तसं आहे.

आधी हायपरफोकल अंतर काढू. फोकल लेंथचा वर्ग करा. त्याला एफ-नंबर आणि डोळ्याला खपणाऱ्या धूसर ठिपक्याचा व्यास, या दोघांच्या गुणाकाराने भागा. मोठा कॅमेरा: ५० मिमी, एफ १.८, ठिपका ०.०३ मिमी. उत्तर साधारण ४६ मीटर. मग २ मीटरवरच्या माणसाभोवती शार्प पट्टा फक्त १७ सेंटीमीटरचा.

मोबाईलची लेन्स खरी ६ मिमीच्या आसपास. सेन्सर छोटा, म्हणून ठिपका ०.००७ धरू. एफ तोच. उत्तर २.९ मीटर, आणि पट्टा १.२ पासून थेट साडेसहा मीटरपर्यंत! खेळ सगळा वर्गाचा आहे बघा. लेन्स आठपट लहान, म्हणजे वर्ग जवळपास सत्तरपट लहान. ठिपका चौपटच लहान झाला, तो कुठवर भरपाई करणार?

पोर्ट्रेट मोडचं ब्लर म्हणूनच सॉफ्टवेअर रंगवतं, आणि केसांच्या कडा खातं. खरं ब्लर हवंय? अर्ध्या मीटरवरून एकच लोंबी टिपा. पट्टा १८ सेंटीमीटर. मोठ्या कॅमेऱ्याइतकं मागचं विरघळणार नाही, पण जे दिसेल ते लेन्सचं असेल.