टोपी बघून घ्या, टोपी घालून घेऊ नका!



यंदाच्या मदतनिधीच्या लिलावासाठी वस्तू जमवायचं काम आम्हा दोघांकडे आलं. पैठणी आली, पितळी समई आली आणि एका रविवारी ओटाहुहुच्या आमच्या घरी मंडळातले एक काका निळी टोपी घेऊन आले. म्हणाले, "१९९२ चा वर्ल्ड कप. हॅमिल्टनला भारत-झिम्बाब्वे मॅच संपल्यावर एका खेळाडूने डोक्यावरची काढून दिली. कार्डावर 'सामन्यात घातलेली' असं लिहा, बघा कशी बोली लागते!"

काकांवर अविश्वास नव्हता. पण बोली लावणारा माणूस मंडळाच्या शब्दावर पैसे मोजतो. उद्या ती दुकानातली निघाली, तर आपणच देणगीदाराला टोपी घातल्यासारखं व्हायचं! मग बसलो अभ्यासाला. जे कळलं ते इथे देत आहोत.

टोपीला एवढं मोल का?

जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीसाठी शेन वॉर्नने आपली हिरवी कसोटी टोपी लिलावात दिली. तिला दहा लाख सात हजार पाचशे ऑस्ट्रेलियन डॉलर्स आले! आपल्या जवळचं उदाहरण एजाज पटेलचं. जन्म मुंबईचा, वाढला ऑकलंडला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने वानखेडेवर भारताच्या एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले. त्या सामन्यातला शर्ट त्याने २०२२ मध्ये ऑकलंडच्या स्टारशिप या मुलांच्या हॉस्पिटलसाठी लिलावात काढला. दुकानातला तसाच शर्ट थोडक्या डॉलर्सना मिळतो. जास्तीचे पैसे असतात ते 'तो मैदानावर होता' या एका वाक्याचे. म्हणून ते वाक्य खरं हवं.

वय कसं ओळखायचं?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रोग्रॅममध्ये २००६ साली आलेली सोय दिसली, तर तो प्रोग्रॅम १९९२ चा असू शकत नाही. टोपीचंही तसंच. तिच्यावरची सर्वांत नवीन खूण शोधायची. टोपी त्याच्या आधीची नाही, एवढं तरी पक्कं होतं.

भारतीय संघाच्या कपड्यांत या खुणा भरपूर सापडतात. प्रायोजकांची नावं पाहा: 'सहारा' २००१ ते २०१३, 'स्टार' २०१४ ते २०१७, 'ओप्पो' २०१७ ते २०१९, 'बायजूज' २०१९ ते २०२३, 'ड्रीम इलेव्हन' २०२३ ते २०२५. कपडे बनवणाऱ्या कंपन्या पाहा: 'नायकी' २००६ ते २०२०, मग 'एमपीएल', थोडे महिने 'किलर' आणि जून २०२३ पासून 'आदिदास'.

कसोटी टोपीवरच्या क्रमांकाने मात्र फसू नका. तो खेळाडूच्या पदार्पणाचा क्रम असतो, टोपीचं साल नव्हे. १९३२ च्या लॉर्ड्सच्या पहिल्या कसोटीतल्या अकरा जणांना क्रमांक नावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने आणि फार नंतर मिळाले. त्यात पुण्याचे यष्टिरक्षक जनार्दन नवले सहावे, सी. के. नायडू सातवे. गावसकरांचा क्रमांक १२८. पण १२८ भरतकाम केलेली टोपी कोणी '१९७१ ची, पोर्ट ऑफ स्पेनची' म्हणून दाखवली, तर हात आखडता घ्या. क्रमांक भरण्याची पद्धत त्या काळी नव्हतीच.

अमेरिकेत बेसबॉलच्या टोप्यांचंही असंच. २००७ मध्ये मेजर लीगच्या सामन्यातल्या टोप्या लोकरीच्या जाऊन पॉलिएस्टरच्या झाल्या. त्यामुळे नुसतं कापड पाहूनही जुनी-नवी कळते.

घातलेली होती का?

वय जुळलं म्हणजे काम संपलं असं नाही. टोपी उलटी करा. घामाने आतली पट्टी काळवंडते, तिच्यावर मिठाचे पांढरे डाग पडतात. सनस्क्रीनचे तेलकट ठसे राहतात. झाप हाताच्या सवयीने वाकते. कडेचा धागा सुटलेला असतो. शेवटी सामन्याचे जुने फोटो काढून टाक्यांची ठेवण, डाग, चुणी एकेक करून जुळवायच्या. पण घाम कोणाचाही असू शकतो, हे विसरायचं नाही!

कोणाच्या हातातून आली?

सर्वांत मोठा पुरावा हाच. १९४७-४८ च्या दौऱ्यात डॉन ब्रॅडमननी आपली टोपी महाराष्ट्राच्या रंगा सोहोनींना भेट दिली. टोपीत दोघांचीही नावं आहेत. सोहोनी त्या दौऱ्यात ब्रिस्बेनची कसोटी खेळले, हे धावफलकावर आहे. पुढे पंचाहत्तर वर्षं टोपी त्यांच्याच घरात राहिली आणि जानेवारी २०२६ मध्ये लिलावात आली. देणारा, घेणारा, साल, सगळी साखळी जुळते.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी तर २००१ पासून पक्की सोय केली आहे. त्यांचा माणूस सामन्याला हजर असतो. त्याच्या डोळ्यांदेखत मैदानातून आलेल्या वस्तूवर तो क्रमांकाचं होलोग्राम लावतो.

आणि काकांची टोपी?

आतल्या पट्टीवर पुसट झालेलं 'नायकी'चं चिन्ह होतं. म्हणजे २००६ च्या आधीची नाही. पट्टी कोरी, झाप सरळ.

काकांना सांगताना जीभ जड झाली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "२००९ लाही गेलो होतो मी हॅमिल्टनला. सेहवागने काय धुतलं होतं! तेव्हाची असेल. दोन्ही मॅच डोक्यात एक झाल्या बघा." आणि स्वतःच म्हणाले, "खोटं लिहू नका हो, मंडळाचं नाव आहे."

टोपी लिलावात आहे. कार्डावर लिहिलंय: 'चाहत्यांसाठीची टोपी, २००६ नंतरची. सामन्यात वापरल्याची खूण नाही. १९९२ आणि २००९ च्या हॅमिल्टनच्या मॅच पाहिलेल्या सभासदाकडून.'

मंडळी, पुढच्या वर्षी वस्तू देताना एका कागदावर एवढंच लिहून द्या: कोणाकडून मिळाली, कधी, कुठे. फोटो असेल तर तोही. नक्की आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच लिहा. आम्हाला तेही चालेल. आणि यंदा बोली मात्र मनापासून लावा!